एक मूठ सैल

मास्तरांना अर्ध्या रस्त्याच्या कमरांची मापं तोंडपाठ होती, फक्त स्वतःची सोडून. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच, टेप गळ्यातून काढायच्या आधी, त्यांना कळायचं की मागच्या खेपेपेक्षा हा माणूस सुटलाय की ओसरलाय. स्वतःच्या पोटाकडे मात्र त्यांनी त्या नजरेनं कधी पाहिलं नाही. पँट घट्ट वाटली की मागची शिवण उसवायची, आतली माया थोडी मोकळी करायची, पुन्हा टीप घालायची की झालं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात, आणि स्वतःच्या पँटीत ती सोडताना मास्तरांचा हात कधी आखडला नव्हता. असं करत करत पोट वाढत गेलं आणि ती बातमी मास्तरांच्या कानावर काही आली नाही. बाकीच्यांना निदान पँट तरी सांगते.

बातमी शेवटी डॉक्टरीणबाईंनी दिली. पायाला मुंग्या येतात एवढं सांगायला मास्तर गेले आणि रक्त देऊन बसले. साखर निघाली. फार नाही, पण उंबऱ्यावर उभी होती. बाई म्हणाल्या, लगेच गोळ्या सुरू करत नाही, काही महिने देते. चाला, गोड कमी करा, पोट उतरवा, मग पुन्हा बघू. नाही उतरलं तर जन्माच्या गोळ्या, आणि मग दर वर्षी डोळे तपासून घ्यायचे. बाईंनी डोळ्यांचं सहज जाता जाता म्हटलं. मास्तरांनी नेमका तेवढाच शब्द ऐकला.

त्याला कारण होते अण्णा. अण्णा म्हणजे मास्तरांचे वडील, ज्यांच्या हाताखाली मास्तर कात्री धरायला शिकले आणि ज्यांच्या पट्टीचे फटके त्यांनी बोटांवर खाल्ले. अण्णांचे डोळे याच साखरेनं नेले होते. आता त्यांना उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळायचं. तरी म्हातारा रोज दुकानात यायचा, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा आणि बोटांनी चाचपत बटणं लावायचा. सून सकाळीच सुयांमध्ये दोरे ओवून त्यांच्या हाताशी छोट्या गादीवर टोचून ठेवायची. सुई ओवणं तेवढं गेलं होतं, बाकीचा शिंपी शाबूत होता.

घरापासून दुकानापर्यंत येताना अण्णा काठी घेत नसत. काठी म्हाताऱ्यांसाठी असते असं त्यांचं म्हणणं. ते मास्तरांच्या मागे राहायचे आणि त्यांच्या पँटीची कमरपट्टी मागून धरायचे, बोटं आत, अंगठा बाहेर. असे बापलेक आगगाडीच्या डब्यांसारखे रोज रस्ता ओलांडायचे. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी मास्तर एकटे दिसले तर अण्णा बरे आहेत ना, अशी चौकशी व्हायची.

किती उतरवायचं हे विचारल्यावर डॉक्टरीणबाई किलोत सांगू लागल्या, तेव्हा मास्तरांनी त्यांना मधेच थांबवलं. किलो वाण्याच्या दुकानात, आम्हाला कापडाच्या भाषेत सांगा, म्हणाले. बाई हसल्या. त्यांनी मास्तरांच्या पोटावर ताणून बसलेल्या राखाडी पँटीकडे पाहिलं.

"पुढून आत्ता बोटसुद्धा जात नाही आत," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी याच पँटीत तुमची मूठ जाईल, त्या दिवशी या."

एक मूठ. हे मास्तरांना पटलं.

घरी नवराबायकोत खल झाला आणि अण्णांना काही सांगायचं नाही असं ठरलं. आपलंच दुखणं पोराच्या अंगात उतरलं म्हणून म्हातारा जेवण टाकेल, ही भीती. मग सकाळी चालायला जायचं ते कशाच्या नावाखाली? दूध आणायला. हे ठरवताना दोघांनाही आपण फार हुशारी केली असं वाटलं. मग बायकोनं दुसरी गोष्ट काढली. ती काजं करता करता मान वर न करता म्हणाली, की पँट सैल करायला तुम्हाला चालायची काय गरज, शिवण तर तुमच्याच हातात आहे. मास्तरांना ते झोंबलं. त्यांनी शेजारी पडलेल्या मोठ्या कात्रीवर हात ठेवला आणि सांगितलं, मूठ आत जाईपर्यंत या पँटीला मी सुई लावणार नाही, ब्लेड लावणार नाही, उलटी करून बघणारसुद्धा नाही. बायको बरं म्हणाली. तिनं नवऱ्याच्या पुष्कळ शपथा पाहिल्या होत्या.

पण या खेपेला मास्तर हट्टाला पेटले. रोज उजाडताना नाडीचा पायजमा चढवून ते पाण्याच्या टाकीकडचा चढ चढू लागले. पहिल्या दिवसांत अर्ध्यावरच्या विजेच्या खांबाशी त्यांचा दम संपायचा. तिथे उभं राहून ते जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या शर्टांच्या कॉलरी निरखायचे, म्हणजे कोणाला वाटू नये की हा माणूस धापा टाकतोय. हळूहळू तो खांब मागे पडला. चहातली साखर सुटली. चहाबरोबरची बिस्किटं सुटली, आणि ती सुटताना मास्तरांना जे दुःख झालं ते त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही.

एका सकाळी पँट चढवताना बटण न ओढता लागलं. मास्तरांनी पोटापाशी तर्जनी घालून पाहिली. गेली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोला बोलावून ते बोट आत-बाहेर करून दाखवलं. दुकानाकडे जाताना ते शीळ घालत होते, आणि मागून अण्णांनी विचारलं, काय रे, आज खुशीत?

दुसऱ्या दिवशी बोट गेलं नाही.

मास्तरांना काही कळेना. त्यांनी पोट आत ओढून पाहिलं, सोडून पाहिलं. एका रात्रीत माणूस सुटतो का? जेवणात तर काही वावगं नव्हतं. त्यांनी चढाच्या फेऱ्या वाढवल्या. काही दिवसांनी पुन्हा बोट गेलं, पुन्हा आनंद झाला, आणि पुन्हा दोन दिवसांत पँट होती तशी झाली. आता मात्र मास्तर पुरते गोंधळले. कापड आटलं म्हणावं तर ते त्यांनी कापायच्या आधी स्वतः भिजवून, वाळवून घेतलं होतं. पोटात वारा धरतो म्हणावं तर वारा रोज एकाच मापाचा कसा धरेल?

शेजारच्या दुकानातला घड्याळजी हा त्यांचा सल्लागार. तो काडीसारखा बारीक, दिवसभर काहीबाही चघळणारा, आणि म्हणूनच वजनावर अधिकारानं बोलणारा. त्यानं सांगितलं की घाम जास्त गेला की पाणी जास्त प्यायलं जातं आणि ते पोटात साठतं. मास्तरांनी दोन दिवस पाणी तोडलं. बायकोनं त्याबद्दल त्यांना असं काही फैलावर घेतलं की तिसऱ्या दिवशी ते मुकाट्यानं तांब्याभर प्यायले. मग घड्याळजी म्हणाला, गळ्यात टेप आहे ना, मग लावून बघा की. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. जन्मभर त्यांनी माणसांना टेप लागताच श्वास रोखताना पाहिलं होतं. भले भले पोट छातीत नेऊन ठेवतात. स्वतःचं माप स्वतः घेणारा तर दुप्पट फसवेल, असं त्यांचं ठाम मत. आणि डॉक्टरीणबाईंनी पँट सांगितली होती, टेप नाही.

गंमत अशी की पँट सोडून बाकी सगळं उलटं बोलत होतं. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. गिऱ्हाइकं म्हणू लागली, मास्तर, वाळलात हो. बायको म्हणाली, गालफडं दिसायला लागली तुमची. मास्तरांना वाटे, हे सगळे धीर द्यायला बोलतात. माणसं तोंडदेखलं बोलतात, शर्ट धुऊन धुऊन ताणतो, पायजम्याची नाडी तर कोणाच्याही पोटाशी जमवून घेते. पँट तेवढी आपली आहे, आपल्या हातची, आणि ती म्हणते की काही झालेलं नाही. कापड खोटं बोलत नाही या एका गोष्टीवर त्यांनी सगळा संसार उभा केला होता. आता त्यावर विश्वास ठेवावा तर पाय उगीच मोडत होते, आणि न ठेवावा तर उद्यापासून दुकानात कोणत्या तोंडानं बसायचं?

त्यात डोळ्यांची धास्ती. दुकान उघडलं की पहिल्यांदा ते बायकोकडे पाठ करून अपुऱ्या उजेडात एक सुई ओवून बघायचे. गेला दोरा तर दिवस बरा जायचा. चुकला की ते दोरा उजेडाकडे धरून बघायचे. चढ चढून हात थरथरतोय, की दोऱ्याचं टोक पिंजलंय, की सुरू झालं हे? काही उमगत नसे. मग ते मान वळवून खिडकीपाशी बसलेल्या अण्णांकडे बघत राहायचे.

अण्णांचंही काहीतरी बिनसलं होतं. बोलणं कमी झालं होतं. जेवताना ते आपल्या ताटातलं चाचपत मास्तरांच्या ताटात सरकवायचे. एकदा त्यांनी विचारलं, दूध फार लांबून आणतोस का रे हल्ली? मास्तर हो म्हणाले आणि वैतागून उठले. एकीकडे आपण घास मोजतोय आणि दुसरीकडे हा म्हातारा वाढतोय. बायको एक दिवस म्हणाली, अण्णा हल्ली राखाडी दोऱ्याच्याच सुया मागतात, आपल्याकडे राखाडी काम तर एकही नाही. मास्तर तेव्हा एका कोटाच्या बाहीत गुंतले होते. मागतायत तर दे ओवून, म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दिलेले महिने सरत आले. त्या दिवशीही दुपारी बायको रोजच्यासारखी घरी गेली होती. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. दुपारी मास्तर पायजमा घालून कापायच्या टेबलावर आडवे व्हायचे आणि पँट अण्णांच्या मागच्या खुंटीला अडकवायचे; पँटीत झोपलं की इस्त्री मोडते, आणि चुरगळलेल्या शिंप्याकडे कोण येणार. उठल्यावर त्यांनी पँट घातली. बटण लावताना दोन्ही हातांनी ओढावं लागलं. पहिल्या दिवसासारखं.

मास्तर मशीनच्या खुर्चीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रागानं की दुःखानं हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. खणात गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा होता तो त्यांनी फोडला आणि एकामागून एक सगळा संपवला. मग ठरवलं की बस. नाही आपल्या नशिबात. गोळ्या तर गोळ्या. पँट तरी अंगाला होऊ दे. त्यांनी पायजमा चढवला, पँट उलटी केली, मागची शिवण समोर घेतली आणि शपथ मोडून ब्लेड उचललं.

आत भलतंच होतं. त्यांनी दोन बोटं माया सोडली होती. इथे ती चांगली पंजाभर रुंद दिसत होती. शिवण मशीनची नव्हती. हाताची उलटी टीप होती, राखाडी दोऱ्यातली, बारीक, एकसारखी, किंचित डावीकडे कललेली. तिच्याजवळ, मायेच्या कापडावर, तशीच दुसरी रांग. पुढे तिसरी. आणि त्या सगळ्यांपलीकडे, काठाजवळ, त्यांची स्वतःची मशीनची टीप, आता कशालाच न धरणारी. मास्तर बघतच राहिले. बायको? तिचे टाके लांब असतात. हे टाके ते लहानपणापासून ओळखत होते. असे घालता येईनात म्हणून तर पट्टी बसायची.

"उसवतोयस?" खिडकीजवळून अण्णा म्हणाले. त्यांनी ब्लेडचा आवाज ऐकला होता.

"अण्णा, हे तुम्ही केलंत?"

अण्णांनी हातातलं बटण मांडीवर ठेवलं. 

"रोज तुझी कंबर धरून येतो मी," ते म्हणाले. "आधी बोटं रुतायची. मग सुटी झाली. म्हटलं, याला कळलं तर हा घाबरेल. तू झोपलास की आत घेत गेलो."

"घाबरायचं काय त्यात?"

"माझीही साखरेनं अशीच उतरली होती. आधी कंबर गेली, मग डोळे."

मास्तरांना एकदम काही समजेना, आणि मग सगळंच एकदम समजलं. मनात काय काय जमवलं होतं ते अण्णांनी स्वतःच सांगितलं. सकाळी धापा टाकत येतोस. चहात साखर नको म्हणतोस. ताटातलं टाकतोस. तुम्ही दोघं माझ्यामागे कुजबुजता. आणि दूध आणायला जातो म्हणतोस, पण दूधवाला तर दारात येतो, त्याची सायकल मला ऐकू येते. हे ऐकून मास्तरांना हसू फुटलं आणि लगेच संतापही आला. एवढे महिने तो चढ, ते पाणी तोडणं, ती बिस्किटं, ते रोजचं सुईपुढे धडधडणं, आणि इकडे हा म्हातारा दुपारी बसून ते सगळं आत दुमडत होता. ते आवाज चढवून बोलले. इतकं चढवून ते बापाशी कधीच बोलले नव्हते. बोलता बोलता साखर, डॉक्टरीणबाई, मूठ, कात्रीवरची शपथ, सगळं बाहेर आलं, जे सांगायचं नाही म्हणून ठरलं होतं तेच.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही उलगडा दिसेना.

"म्हणजे तू मुद्दाम बारीक झालास?"

"मुद्दाम."

"मग हे बरं झालं की वाईट?"

मास्तरांनी पँटीतल्या रांगांकडे पाहिलं. इतके दिवस आपण जराही बारीक झालो नाही असं ते धरून चालले होते.

"बरं झालं, अण्णा."

अण्णांनी हात पुढे केला आणि पँट मागितली. माझे टाके मीच उसवतो, म्हणाले. ब्लेड त्यांनी बोटांनी पारखून घेतलं आणि एकेक रांग काढली, दोरा न तोडता, जशी घातली होती तशी. मास्तर शेजारी उकिडवे बसून बघत राहिले. मग त्यांनी पँट घातली. बटण नुसतं लागलं. त्यांनी पोटापाशी मूठ घातली तर ती मनगटापर्यंत आत गेली आणि पँट दोन्ही बाजूंनी खाली घसरू लागली. मास्तरांनी ती पटकन पकडली. आनंद व्हायला हवा होता. पण आपण इतके दिवस आपल्याच अंगाला ओळखलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत राहिलं.

अण्णांनीही मागून मूठ घालून पाहिली. मग ती काढून घेतली.

"आणि डोळे?"

"ठीक आहेत."

"तोंडानं नको सांगू," अण्णा म्हणाले. त्यांनी गादीवरची एक सुई उपसली, तिचा दोरा ओढून टाकला आणि रिकामी सुई पुढे केली. "ओव."

मास्तरांनी एका हातानं पँट धरली होती. ती त्यांनी कोपरानं दाबली आणि दोन्ही हात मोकळे केले. दोऱ्याचं टोक ओठांत भिजवलं. शटरखालून येणाऱ्या उजेडात सुई धरली. पहिल्यांदा दोरा नेढ्याच्या शेजारून गेला. अण्णा मान कलती करून ऐकत होते, जणू दोरा चुकतो तोही आवाज त्यांना येत होता. मास्तरांनी श्वास सोडला, हात थांबू दिला आणि पुन्हा पुढे केला. दोरा गेला. त्यांनी सुई अण्णांच्या चिमटीत ठेवली. अण्णांनी नेढ्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली, दोरा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, आणि त्यांचे खांदे सैल पडले.

पुढे रक्तातली साखर उतरलेली निघाली आणि गोळ्या टळल्या. पण मास्तरांच्या लेखी तपासणी झाली ती त्या दुपारीच.

"आता वळ," अण्णा म्हणाले. "अशी पँट रस्त्यात खाली येईल. एक टाका घालतो."

"घाला," मास्तर म्हणाले. "मूठ जाईल एवढी ठेवा. आणि या खेपेला किती आत घेताय ते मला सांगा."

अण्णांनी मागून कमरपट्टी चिमटीत धरली, बोटांनी कापड मोजलं आणि हळू आवाजात सांगितलं. मास्तर लहानपणी ट्रायलला उभे राहायचे तसे हात बाजूला धरून उभे राहिले. पोट त्यांनी आत ओढलं नाही.